तुम्ही विचारलंत म्हणून: भर प्रयोगात वायफाय तुटलं तर?

"त्या तळहाताएवढ्या बोर्डावर हॉटस्पॉट उभा करून तुम्ही फोनवरून लाइट चालवता म्हणे. भर प्रयोगात वायफाय तुटलं तर काय करता?" हा प्रश्न मला इतक्यांनी आणि इतक्या काळजीनं विचारलाय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. विचारणाऱ्यांची भीती खरी आहे. माइक गेला तर नट आवाज चढवून वेळ मारून नेतो. लाइट गेले तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

उत्तर आधी देते. वायफाय तुटलं तर रंगमंचावरचा उजेड होता तसाच राहतो, कारण वायर ओढताच येत नाही असा एखादा दिवा सोडला तर तो वायफायवरून जातच नाही. वायफायवरून जातो तो फक्त माझा हुकूम: पुढचा क्यू, म्हणजे उजेडाचा पुढचा ठरलेला बदल, घे. उजेड कसा चढायचा, किती सेकंदांत उतरायचा हे रास्पबेरी पाय (तोच तळहाताएवढा बोर्ड, एक छोटा संगणक; पुढे नुसता 'पाय') स्वतः ठरवतो, आणि त्याच्यापासून डिमरपर्यंत, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या पेटीपर्यंत, वायर असते. माझ्या फोनची बॅटरी संपली, हॉटस्पॉट मधेच गायब झाला, तरी पाय शेवटचे आकडे पाठवत राहतो. पुन्हा जोडलं की पुढचा क्यू.

ही मांडणी मी एका बिघडलेल्या संध्याकाळनंतर पक्की केली. ती संध्याकाळ सांगितल्याशिवाय बाकीचं पटणार नाही.

नेपथ्यात एक खिडकी होती. तिच्या चौकटीत आणि शेजारच्या टेबलाच्या कडेला एलईडी पट्ट्या बसवल्या होत्या. टेबल प्रवेशागणिक हलायचं, त्यामुळे वायर ओढणं शक्य नव्हतं. प्रत्येक पट्टीला एक छोटा वायफायवाला ईएसपी बोर्ड आणि बॅटरी लावली, आणि पायच्या हॉटस्पॉटवरून त्यांना एस-एसीएननं, म्हणजे नेटवर्कवरून लाइट चालवायच्या एका पद्धतीनं, लाइटचे आकडे पाठवायला लागले. तालमींत सगळं लोण्यासारखं चाललं. प्रयोगात संध्याकाळ उतरण्याचा बारा सेकंदांचा फेड आला आणि खिडकीतला नारिंगी उजेड पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. झटका, थांबा, झटका. विंगेतून कुजबूज ऐकू आली, "ताई, खिडकी अडखळतेय." करण्यासारखं काही नव्हतं, फेड पूर्ण होऊ दिला.

रात्री सगळे गेल्यावर मी तोच क्यू परत चालवला. एकदम गुळगुळीत. दहा वेळा चालवला, दहाही वेळा गुळगुळीत. मग आठवलं, प्रयोगाच्या वेळी एक जादा फोन हॉटस्पॉटला जोडून खिशात ठेवला होता, पहिला दगा देईल म्हणून. तो परत जोडला, खिशात टाकला, पडदा काळा झाला, आणि थोड्या वेळानं खिडकी अडखळू लागली. फोन बाहेर काढून जागा केला, खिडकी सुरळीत. परत झोपू दिला, परत झटके. त्या अंधाऱ्या रंगमंचावर कारण सापडल्याचा जो आनंद झाला तो अजून आठवतो.

कारण असं. लाइटचे आकडे ज्या पद्धतीत बोलतात ती डीएमएक्स ५१२, मूळची १९८६ची. एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका संचात, ५१२ चॅनेल, प्रत्येकाची किंमत ० ते २५५, आणि सगळेच्या सगळे आकडे सेकंदाला ४४ वेळांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवायचे. वायरीत याला काही अडचण नाही. एस-एसीएन हेच आकडे नेटवर्कवर सहसा मल्टिकास्टनं पाठवतं, म्हणजे एकच पुडकं, ज्याला हवं त्यानं उचलावं. वायफायवर मात्र मल्टिकास्टची दोन दुखणी आहेत. एक, मिळालं की नाही याची पोचपावती नसते, त्यामुळे हरवलेलं पुडकं परत पाठवलं जात नाही. दुसरं जास्त छुपं आहे: हॉटस्पॉटला जोडलेलं एक जरी उपकरण वीज वाचवायला डुलकी घेत असेल, तर हॉटस्पॉट सगळ्यांचं मल्टिकास्ट अडवून धरतो आणि ठरलेल्या बीकननंतर (बीकन म्हणजे 'मी इथं आहे' अशी हॉटस्पॉटची ठरावीक वेळानं जाणारी हाक) एकदम सोडतो. बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी जातो, आणि हॉटस्पॉट उभा करणाऱ्या हॉस्टएपीडी या प्रोग्रॅममध्ये मुळात दर दुसऱ्या बीकननंतर साठा सोडायचा असं ठरलेलं असतं. म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच वेळा. मधले आठ-नऊ आकडे एका गठ्ठ्यात येतात, पट्टीला दिसतो त्यातला शेवटचा. माझी खिडकी नेमकी तशीच उतरत होती.

तातडीचा उपाय सोपा निघाला. प्रत्येक ईएसपीला ठरावीक पत्ता दिला आणि आकडे मल्टिकास्टऐवजी थेट त्या पत्त्यावर, युनिकास्टनं पाठवले. त्याला पोचपावती असते, आणि झोपलेल्या फोनची वाट बघत कोणी अडत नाही. जिथं वायर अशक्यच आहे तिथं मी आजही असंच करते. पण त्या रात्रीनं एक गोष्ट मनात बसली: ज्या गोष्टीला सेकंदाला चाळीस वेळा वेळेवर पोचायचंय ती हवेवर सोपवायची नाही. बारा सेकंदांच्या फेडसाठी हवेतून एकच हुकूम जायला हवा, पाचशे चित्रं नाही. म्हणून आता पाय डिमरच्या शेजारी विंगेत असतो, त्याला यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस लावलेला, आणि लाइटचे क्यू चालवणारा क्यूएलसी प्लस हा प्रोग्रॅम त्या पायवरच चालतो. फोन म्हणजे नुसता लांब हात.

आता हॉटस्पॉटचं. इथं जुन्या आणि नव्या कृती एकमेकींत मिसळल्यानं बहुतेकांचे दिवस वाया जातात. पूर्वी हॉस्टएपीडी हॉटस्पॉट उभा करायचा आणि डीएनएसमास्क पत्ते वाटायचा, दोघांची सेटिंग स्वतः हातानं लिहावी लागायची. २०२३मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये नेटवर्क मॅनेजर आहे, आणि त्याला 'हॉटस्पॉट कर' एवढी एकच आज्ञा, नाव आणि पासवर्डसकट, पुरते. पत्तेही तोच वाटतो; पायचा स्वतःचा पत्ता मुळात १०.४२.०.१ असतो. त्यावर जुनी कृती बघून हॉस्टएपीडीही चढवलात, तर एकाच वायफाय चिपवर दोघं हक्क सांगतात आणि हॉटस्पॉट कधी दिसतो, कधी नाही. एकच रस्ता धरा.

हॉटस्पॉट उभा राहिला म्हणून लगेच उठू नका. ते कनेक्शन बूट होताना आपोआप सुरू होईल अशी नोंद करा, नाहीतर वीज जाऊन आली की पाय जागा होईल, हॉटस्पॉट होणार नाही, आणि कीबोर्ड घरी असेल. घरचं वायफायही पायच्या लक्षात असेल तर हॉटस्पॉटला प्राधान्य जास्त द्या. देशाचा कोड भरला नसेल तर कित्येकदा वायफाय बंदच ठेवलेलं असतं. हे एवढंसं खातं रिकामं राहिलं म्हणून बोर्ड खराब समजून बदललेले मी पाहिलेत.

फ्रीक्वेन्सीबाबत माझं मत ठाम आहे. बोर्ड ५ गिगाहर्ट्झ चालवत असेल, म्हणजे २०१८चा थ्री बी प्लस किंवा त्यानंतरचा फोर, फाइव्ह, तर तेच वापरा, चॅनेल ३६ ते ४८ मधला. २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि प्रेक्षागृह भरलं की प्रत्येक खिशातला फोन त्या गर्दीत भर घालतो. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, ते लहरी शोषून घेतं. रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा हॉटस्पॉट भरलेल्या सभागृहात मध्यावर दम तोडतो तो असा. पाय डोक्यांच्या वर, उंचावर ठेवा, आणि लोखंडी पेटीत तर अजिबात नको. अँटेना बोर्डावरच आहे, धातूची पेटी तिचं तोंड बंद करते.

फोनचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. या वायफायला इंटरनेट नाही हे कळलं की तो गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो, आणि १०.४२.०.१ उघडता उघडत नाही. मी फोन विमान मोडमध्ये टाकून फक्त वायफाय चालू करते. प्रयोगात कॉल येण्याचीही धास्ती मिटते. आणि पत्ता नावानं न लिहिता आकड्यांनीच: क्यूएलसी प्लसचं वेब पान ९९९९ पोर्टवर, ओएलए (लाइटचे आकडे पाठवणारा दुसरा एक प्रोग्रॅम) असेल तर ९०९०वर. पायच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करनं पत्ता, पोर्ट आणि हॉटस्पॉटचं नाव लिहिलेलं असतं. पासवर्ड नाही. ओएलएच्या पानाला स्वतःचं कुलूप नसतं. हॉटस्पॉटमध्ये शिरलेला कोणीही सगळे फेडर हलवू शकतो, इतकंच काय, ते चालू प्रोग्रॅमच बंद करण्याचं बटणही तिथं आहे. ओएलए सुरू करताना एक पर्याय देऊन ते बटण निकामी करता येतं, तेवढं कराच. पासवर्ड आठ अक्षरांचा चालतो म्हणून आठच ठेवू नका.

वायरीनं आर्ट-नेट नोड (नेटवर्कवरून आलेले आकडे डीएमएक्समध्ये बदलणारी डबी) जोडत असाल तर एथरनेटच्या बाजूचे पत्ते वायफायपेक्षा पूर्ण वेगळ्या पट्ट्यातले, म्हणजे सुरुवातीचे आकडेच वेगळे असलेले, द्या, उदाहरणार्थ २.०.०.१०. दोन्हीकडे एकच पट्टा असेल तर पायला कळत नाही पुडकं कोणत्या दारानं पाठवायचं, आणि नोड मुका बसतो. दोन्ही दारं ब्रिज करून एक करण्याचा मोहही टाळा. वायरीतलं मल्टिकास्ट वायफायवर सांडतं, मग तीच खिडकी.

विजेचं थोडक्यात: पायचा अडॅप्टर त्याचा स्वतःचा, एलईडी पट्ट्यांचा वेगळा. पट्ट्या एकदम पांढऱ्या पेटल्या की व्होल्टेज खाली येतं आणि पाय रीबूट होतो. प्रयोग संपला की कोणीतरी पटकन प्लग काढतंच, म्हणून मी पायच्या मेमरी कार्डावर ओव्हरले ही सोय चालू करून ते फक्त वाचण्यापुरतं ठेवते, त्यावर काही लिहिलं जात नाही.

"त्यापेक्षा साधा राउटर का नाही?" हेही विचारतात. दोन-तीन जण वेगवेगळ्या जागांहून लाइट चालवणार असतील किंवा सभागृह मोठं असेल, तर राउटरच घ्या आणि पाय त्याला वायरीनं जोडा. बोर्डावरची अँटेना त्या कामाची नाही. माझ्यासारखं एका माणसाचं काम असेल, तर एक उपकरण, एक प्लग कमी होतो, आणि मला ते मोलाचं वाटतं.

शेवटच्या तालमीत मी एक गोष्ट न चुकता करते. लांब फेड सुरू करते आणि तो अर्ध्यावर आला की फोनचं वायफाय बंद करते. मग फोनकडे न बघता रंगमंचाकडे बघते. उजेड उतरत राहतो, ठरल्या जागी थांबतो. वायफाय परत चालू करते, पान उघडतं, पुढचा क्यू दाबते, तो लागतो. मग शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या हातात फोन देते आणि सांगते, "आता तू तोड."