अडतीस नंबरची तार आणि आठ नॅनोसेकंद

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेला कुलूप लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक काका फाइल घेऊन दारात उभे राहिले. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मोटर वाइंडिंग करण्यात हयात गेलेली, आता निवृत्त. फाइलवर ठळक अक्षरांत 'कालकण सिद्धांत' आणि आत हाताने लिहिलेली ४२ पानं. दावा असा की काळ कणाकणांचा बनलेला असतो.

असे कागद अधूनमधून येतात. पहिलं काम ठरलेलं, एककं तपासायची. समीकरणाच्या डाव्या बाजूला सेकंद असतील तर उजवीकडेही सेकंदच निघाले पाहिजेत. पान ६ वर कालकणाचा कालावधी म्हणून प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचं वस्तुमान गुणिले प्रकाशवेग असं लिहिलं होतं. त्यातून निघतात मीटर, म्हणजे इलेक्ट्रॉनची कॉम्प्टन तरंगलांबी. आणखी एकदा प्रकाशवेगाने भागलं की सेकंद येतात, साधारण ८ गुणिले १० चा उणे २१ वा घात. काकांनी तिथल्या तिथे पेन्सिलीने दुरुस्ती केली, "एक सी राहिला." वेढ्यांचा हिशेब ठेवणाऱ्याला हे फार समजवावं लागत नाही. पण उत्तर सेकंदात आलं म्हणजे काळाचे कण असतात, असं काही सिद्ध होत नाही. प्लांक काळ, ५.३९ गुणिले १० चा उणे ४४ वा घात सेकंद, हाही तीन स्थिरांकांच्या गुणाकार-भागाकारातून येणारा आकडा आहे. काळ दाणेदार असल्याचा पुरावा म्हणून तो पुढे करता येत नाही.

खरा जीव पान १७ मध्ये होता. तिथे विलंबित निवडीच्या 'क्वांटम इरेजर' प्रयोगाचा आलेख चिकटवलेला होता आणि खाली लाल शाईत 'भविष्यातला निर्णय भूतकाळ बदलतो'. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. लेझरचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, दोन फटींच्या वाटेने स्फटिकात शिरून दोन जुळे फोटॉन देतो. एक लवकर डी-शून्य या शोधकावर पडतो, दुसरा लांबचा रस्ता घेऊन साधारण ८ नॅनोसेकंद उशिरा डी-एक ते डी-चारपैकी कुठेतरी पोचतो. डी-एकशी जुळलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या की डी-शून्यवर व्यतिकरणाचे, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून पडणारे उजळ-काळे पट्टे दिसतात, डी-तीनशी जुळलेल्या काढल्या की दिसत नाहीत. कारण डी-तीनवरून फोटॉन कुठल्या फटीतला ते कळतं, डी-एकवर मात्र ती वाटेची खूण पुसलेली असते, म्हणून नाव 'इरेजर'. काकांनी पुढचा बेतही आखला होता. दुसरा फोटॉन फायबरमधून फिरवायचा, किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद, आणि दोन लाख किलोमीटर फायबर घातली की निरोप एक सेकंद आधी पोचणार! गणित बरोबर होतं. फक्त ७०२ नॅनोमीटरच्या प्रकाशाला साध्या काचेच्या फायबरमध्ये दर किलोमीटरला निम्म्याहून अधिक गळती लागते, तेव्हा दहा किलोमीटरवरच हजारात एखादा फोटॉन उरला तर उरला.

पण खरी अडचण गळतीची नव्हती. डी-शून्यवर एकट्यावर पट्टे कधीच दिसत नाहीत, हे त्यांच्या वाचण्यात आलंच नव्हतं. तोंडी सांगून पटलं नसतं. काकांच्या पिशवीत इनॅमलच्या (वरून रोगणाचा थर असलेल्या) तारेचं रीळ होतं आणि बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरमधून सोलून काढलेली पोलरायझर फिल्मही. ही फिल्म एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडते, ती दिशा म्हणजे तिचा अक्ष. मग टेबलावर मांडणी केली.

फिल्मचे दोन तुकडे कापले आणि दुसरा ९० अंशांनी फिरवून पहिल्याच्या कडेला कड भिडवून काचपट्टीवर टेपने बसवले, म्हणजे दोन बाजूंच्या प्रकाशावर वाटेची वेगवेगळी खूण बसते. जोडावर उभी ३८ नंबरची तार ताणली. जोड तारेच्या आड गेलाच पाहिजे. फट बाहेर डोकावली तर तीच स्वतःचे पट्टे पाडते आणि माणूस भलतंच मोजत बसतो. फिल्मच्या पाठीवरचा चिकट थर स्पिरिटने पुसला. ॲसिटोन इथे चालत नाही, फिल्म खराब होते. समोर ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर पॉइंटर, ३ मीटरवर पांढरा कागद आणि मधल्या झगझगीत ठिपक्यावर काळी टेप.

आधी फिल्मशिवाय नुसती तार. कागदावर आडव्या रेघेत पट्टे उमटले. कोष्टकात ३८ नंबर म्हणजे ०.१५२ मिलिमीटर, त्यावरून दोन पट्ट्यांतलं अंतर १२.८ मिलिमीटर यायला हवं होतं. आलं साडेअकराच्या आसपास. काका हसले, "सर, इनॅमल धरलं नाही तुम्ही." मायक्रोमीटरने ०.१७ दाखवलं आणि हिशेब बसला.

मग फिल्म लावली. पट्टे गेले. काका खूश, मला मात्र शंका आली, कारण पुढे धरलेला तिसरा पोलरायझर कितीही फिरवला तरी पट्टे परत येईनात. खुणा खरोखर पुसल्या जात असत्या तर ४५ अंशांवर ते यायलाच हवे होते. चूक फिल्मच्या अक्षात होती. लेझरचा प्रकाशही एकाच दिशेत कंप पावतो, आणि मी फिल्मचा अक्ष कडेला समांतर धरून लेझर ४५ अंशांवर तिरका बसवला होता. कॅल्क्युलेटरच्या फिल्मचा अक्ष बहुधा कडेशी ४५ अंशांत असतो. त्यामुळे एक तुकडा सगळा प्रकाश सोडत होता आणि दुसरा जवळजवळ सगळा अडवत होता. एकाच बाजूचा प्रकाश आला तर व्यतिकरण कशाशी होणार? अक्ष ओळखायला गुळगुळीत फरशीवरची चमक फिल्ममधून बघायची. चमक सर्वांत मंद होते तेव्हा अक्ष उभा असतो. पॉइंटर ४५ अंशांनी वळवला, दोन्ही बाजू सारख्या उजळल्या, पट्टे नाहीतच. आता तिसरा पोलरायझर उभा धरला आणि पट्टे परत आले.

काकांनी लाल पेन्सिलीने उजळ पट्ट्यांवर खुणा केल्या. मग तोच पोलरायझर आडवा केला आणि निळी पेन्सिल दिली. निळ्या खुणा नेमक्या लाल खुणांच्या मध्ये पडल्या. फिल्मची जाडी दोन्हीकडे तंतोतंत सारखी नसते, म्हणून सगळी रांग मुळापेक्षा थोडी सरकली होती, पण लाल-निळ्यातलं अर्ध्या पट्ट्याचं अंतर कायम. पोलरायझर काढला की लाल अधिक निळा मिळून सपाट उजेड. डी-एकचे पट्टे आणि डी-दोनचे उलटे पट्टे डी-शून्यवर असेच एकमेकांत मिसळलेले असतात. कुठली नोंद कुठल्या ढिगात टाकायची, हे दुसऱ्या फोटॉनची नोंद हाती आल्यावरच ठरतं आणि ती नोंद प्रकाशवेगापेक्षा लवकर येत नाही. डी-शून्यवाल्या माणसाला आधी कळण्यासारखं काही नसतंच.

लेझरचा हा खेळ जुळ्या फोटॉनचा प्रयोग नव्हे, साध्या लहरींच्या गणिताने तो पुरता सुटतो, हेही सांगितलं. वर्गवारीचा हिशेब मात्र तोच.

काका बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "पान १७ गेलं. पण पान ३१?" तिथे ऊर्जा-काळाची अनिश्चितता होती. मँडेलश्टाम आणि टॅम या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी १९४५ सालीच ती उलगडली आहे. त्यातला काळ म्हणजे एखादी राशी डोळ्यात भरण्याइतकी बदलायला लागणारा अवधी, काळाचा तुकडा नव्हे. श्रोडिंगरच्या समीकरणातला काळ बाहेरच्या घड्याळाचाच. "म्हणजे मोटरला वेग धरायला लागतो तो वेळ," काका म्हणाले. बराबर, तेच.

त्यांनी फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळली, खुणांचा कागद फाइलमध्ये ठेवला. रीळ माझ्याकडेच राहू द्या म्हणाले. सोमवारी ४२ नंबरची तार आणतो, पट्टे आणखी रुंद होतील, फक्त जोड तिच्याआड लपवायचा तर फिल्मच्या कडा पॉलिश पेपरवर घासाव्या लागतील.