दोराच्या तीन गाठी

दुपारचे दोन वाजून गेले होते. डिचोली तालुक्यातल्या एका गावात लोहखनिजाच्या खाणीची जनसुनावणी सकाळपासून चालू होती. मी पणजीत वकिली करते. गावकऱ्यांनी बोलावलं म्हणून आदल्या दिवशीच येऊन राहिले होते आणि रात्री आम्ही मिळून ईआयए अहवाल, म्हणजे खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणारा अहवाल, वाचून काढला होता.

पाण्याच्या प्रकरणापाशी मी अडले. सगळी मोजमापं एकाच ऋतूतली, पावसाळा सोडून. नियमाला तेवढं चालतं. पण आमच्याकडे खाणीचं दुखणं वर येतं ते पावसातच. डंपावरची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्यावरची, तांबडी माती ओहळातून शेतात उतरते आणि भाताची रोपं गाळाखाली जातात. जानेवारीत कुणी बघायला आलं तर त्याला ओहळ नितळच दिसणार.

गावातल्या एका काकींचं नाव पुकारलं गेलं. त्या माईककडे गेल्याच नाहीत, थेट टेबलापाशी गेल्या. पिशवीतून काथ्याचा दोर काढून अधिकाऱ्यांसमोर ठेवला. काळपट, जुना दोर, पण मध्ये मध्ये नवे तुकडे जोडलेले. तीन गाठी.

"साहेब, हा आमच्या बांयचा, विहिरीचा दोर. ही गाठ थोरलीच्या लग्नाच्या साली मारली. तोवर कळशी ह्याच्या अलीकडेच बुडायची. ही धाकट्याच्या शाळेच्या वेळची. आणि ही तिसरी. मग खाण बंद पडली, तेव्हा पाणी वर आलं. दोन गाठी हातातच राहायला लागल्या."

त्यांनी साल सांगितलं नाही. सरकारने सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबवल्या होत्या. पुढे फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं. गोव्यात खनिजाचा बराच भाग भूजलाच्या पातळीखाली आहे. खड्डा कोरडा ठेवायला पंप चालवावे लागतात आणि आसपासच्या विहिरी खाली जातात. हे मी कोर्टात कितीदा तरी मांडलंय, पण असं हातात धरून दाखवलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कंपनीच्या तज्ज्ञांनी भूजलावर परिणाम नगण्य असल्याचं सांगितलं आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

संध्याकाळी इतिवृत्त वाचायची वेळ आली तोवर मंडप निम्मा रिकामा झाला होता. ह्याच वेळी लोक उठून जातात ह्याची मला फार खंत वाटते. अशा सुनावण्यांचे नियम घालून देणाऱ्या 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे लोकांचं म्हणणं अचूक नोंदवून, त्याच दिवशी, त्यांच्याच भाषेत वाचून दाखवावं लागतं. काकींच्या वाट्याला एक ओळ आली होती: "एका महिलेने पाण्याच्या समस्येबाबत विचारणा केली."

मी उभी राहिले. म्हटलं, ह्यांनी विचारणा केलेली नाही, पुरावा दिलाय. प्रकल्पाची छाननी करणारी तज्ज्ञ समिती हे गाव बघायला येईलच असं नाही, तिच्यापुढे हाच कागद जाईल. खाणीला पर्यावरण दाखला मिळाला आणि आम्हाला 30 दिवसांत हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायाधिकरणाकडे, अपील करायचं झालं, तर तिथेही हाच कागद उघडला जाईल. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या वेल्लोर निकालापासून नुकसान होणार नाही हे सिद्ध करायची जबाबदारी प्रकल्प आणणाऱ्यावर आहे. पण शंका मुळात कुणी घेतली होती, हे कागदावर असायला हवं ना?

थोडी हुज्जत झाली. शेवटी अधिकाऱ्यांनी ती ओळ खोडायला लावली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. नवा मजकूर वाचताना कारकून म्हणाले, "दोर थोडा वाढवावा लागला."

"थोडा न्हय," काकी मागून म्हणाल्या. त्या गेल्या नव्हत्या. पुढे येऊन त्यांनी पहिल्या गाठीपासून टोकापर्यंत दोर हातावर मोजला आणि कारकुनांनी आकडा लिहीपर्यंत टेबलापाशीच उभ्या राहिल्या. सात हात.

सह्या झाल्या. मी दोराचे फोटो काढले आणि दोर दोन दिवस माझ्याकडे ठेवू का म्हणून विचारलं.

"नको बाय," त्या दोर गुंडाळत म्हणाल्या, "सकाळी पाणी काढूचं आसा."