उन्हाळ्यातली पातळ कवचं: परसातल्या कोंबड्यांची मार्च ते मे नोंद

कळप जुनाच आहे, थोड्या गिरिराज आणि बाकी गावरान. मार्च संपता संपता दरवर्षीचा त्रास पुन्हा सुरू झाला. अंडं हातात घेतलं की कवच कागदासारखं लागायचं, टोपलीत दोन-चार तडकलेली निघायची, एखादं तर नुसत्या पापुद्र्याचं. या वेळी ठरवलं की एका वेळी एकच बदल करायचा. हळद, लसूण, ताक, शेवगा सगळं एकदम दिलं की कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

मोजमाप साधं ठेवलं. घरात फोडलेल्या अंड्यांची कवचं धुऊन उन्हात वाळवायची, छोट्या काट्यावर तोलायची आणि अंड्याच्या मूळ वजनाशी ताडून बघायची. चांगल्या अंड्यात कवचाचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. माझा एप्रिलच्या सुरुवातीला आठच्या जवळ होता.

आता हिशेब बघा. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. खाल्लेलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला रोज 4 ग्रॅमच्या आसपास लागतं. लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं ते यासाठीच. आपण परसात काय टाकतो? मका, तांदळाची कणी, ज्वारी, उरलेली भाकरी. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते.

दुसरी गोष्ट वेळेची. कवच मुख्यतः रात्री तयार होतं, आणि रात्री कोंबडी खात नाही. चुनखडीची बारीक पूड सकाळी दिली तर संध्याकाळपर्यंत पोटातून पुढे निघून जाते. जाड दाणा मात्र पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, रेंगाळतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो. म्हणून मी कालवांच्या शिंपल्यांचा ज्वारीएवढा जाड चुरा वेगळ्या वाडग्यात, दुपारी चारनंतर ठेवायला लागलो. खाद्यात मिसळत नाही. जिला गरज आहे ती खाते, कोंबडा फारसा फिरकत नाही. खाद्याच्या दुकानात हा चुरा शेल ग्रिट म्हणून मिळतो. रत्नागिरीकडचे पाहुणे आले की तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, टरफलंही येतात, ती भाजून कुटली की तेवढीच चालतात. घरातल्या अंड्यांची कवचंही द्यावीत, पण पीठ करू नका, जाडसर ठेवा.

एक इशारा: तलंगांना हे लवकर देऊ नका. अंड्यावर यायच्या आधी जास्त कॅल्शियम गेलं की मूत्रपिंडं खराब होतात. तुरा लाल व्हायला लागला, वय अठरा आठवड्यांच्या पुढे गेलं, की मग सुरू करा.

शिंपल्यानं फरक पडला. तडकलेली अंडी कमी झाली, वाटा नऊच्या वर गेला. पण एप्रिलच्या शेवटी पारा चाळिशीपार गेला आणि पुन्हा घसरण झाली.

याचं कारण उन्हातलं धापणं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापते आणि त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यातला कार्बोनेट या रक्तातूनच येतो. वर उन्हात खाणंही कमी होतं. म्हणजे दोन्हीकडून मार. यावर खाण्याचा सोडा लिटरला साधारण एक ग्रॅम, फक्त भर दुपारच्या पाण्यात. शेजारी साधं पाणीही ठेवतो. काही जण सोड्याबरोबर व्हिनेगरही घालतात. फेस छान येतो, पण दोघांचा गुण तिथंच संपतो. सोड्यापेक्षाही जास्त उपयोग पत्र्यावर टाकलेल्या ओल्या गोणपाटांचा आणि मडक्यातल्या गार पाण्याचा झाला असं माझं मत आहे. खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर टाकतो. मे महिना त्यावर निभावला.

आता अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणारी छोटी हिरवी वनस्पती. याबद्दल फार गोडवे गायले जातात. कोरड्या अझोल्यात प्रथिनं पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतात हे खरं, पण ताजा अझोला म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. किलोभर ताज्यात सुका ऐवज साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे प्रथिनं पंधरा-सोळा ग्रॅम. एका कोंबडीला दिवसाला सतरा-अठरा ग्रॅम लागतात. तेव्हा अझोल्यावर खाद्याचा खर्च निम्मा झाला म्हणणाऱ्यांनी वजनकाटा आणावा. मी हिरवा चारा म्हणून देतो, कोंबड्यांना आवडतो, बलक पिवळा होतो. शेवग्याच्या वाळवलेल्या पाल्याचंही तेच. खाद्याच्या पाच टक्क्यांपर्यंत ठीक, फार वाढवला की त्या खाद्य सोडून बसतात. आणि बलकाचा रंग म्हणजे पोषण नव्हे. झेंडूच्या पाकळ्या घातल्या तरी तो गडद होतो.

हळद-लसणाने मला मोजता येईल असा काही फरक दिसला नाही. चोच मारल्याच्या जखमेवर हळद लावतो, तेवढंच. मानमोडीवर (राणीखेत रोगावर) काढा चालत नाही, तिथं लासोटा लस पहिल्या आठवड्यात आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस, याला पर्याय नाही. लस पाण्यातून देणार असाल तर त्या दिवशी पाण्यात दुसरं काहीही नको, ब्लीचिंग पावडर तर नकोच.

ताकाचा प्रयोग पिल्लांवर चालू ठेवलाय. 1973 मध्ये नुर्मी आणि रांताला या फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं होतं की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना दिले की साल्मोनेला जम बसवू शकत नाही. ताकातले जिवाणू ते नव्हेत, त्यामुळे तेवढी अपेक्षा धरत नाही. पण खुडूक कोंबडीखाली वाढणारी पिल्लं यंत्रातल्यांपेक्षा काटक का निघतात, याचा एक धागा तिथं आहे असं वाटतं.

जूनपासून सोडा बंद, शिंपला चालू. पावसाळ्यात खरी काळजी खुराड्यात अंथरलेल्या तुसाची: ओलं झालं की रक्ती हगवण आलीच. म्हणून तूस रोज खालीवर करायचं, भांड्याभोवतीचं ओलं काढून टाकायचं, आणि राखेचं घमेलं आडोशाला सरकवायचं, म्हणजे पावसातही त्यांना धुळीत लोळता येईल.