फळ्यावरची नोंद

(माजी विद्यार्थिनी, दहावी ‘ब’, मार्च १९९५)

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर आठशे शब्दांत लिहावं, असं समितीचं पत्र आलं. समितीने माफ करावं, शब्दमर्यादा पाळली जाणार नाही आणि विषयही जरा सुटेल. शाळा म्हटली की लेझीम, स्नेहसंमेलन, प्रयोगशाळेतला तो हाडांचा सापळा, सगळं आठवतं. पण त्या सगळ्यांना बाजूला सारून सर पुढे येतात. कुठले सर, हे वाईत कुणी विचारणार नाही. मराठी-संस्कृतचे, गणपती आळीतून सायकल हातात धरून चालत येणारे. सायकलवर बसलेले त्यांना फारसं कुणी पाहिलेलं नाही. नाव मुद्दामच लिहीत नाही. स्वतःचं नाव छापलेलं दिसलं की ते कपाळाला आठ्या घालायचे, आणि त्या आठ्यांची भीती मला अजून आहे.

फाटकातून आत आलं की डाव्या हाताला, ऑफिसच्या खिडकीखाली सुविचाराचा फळा होता. एरवी त्यावर सगळ्या शाळांत असतात तसेच सुविचार असायचे. पण गावात कुणी गेलं, की सर प्रार्थनेच्या आधी येऊन सुविचार पुसायचे आणि तिथे नोंद लिहायचे. ‘नोंद’ हा त्यांचाच शब्द, वाईतच तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशातून उचललेला. आपल्या गावात त्या काळी विश्वकोशाशी नातं नसलेलं घर सापडणं कठीण होतं. कुणाचे काका संपादनात, कुणाचे वडील छापखान्यात, कुणाची आत्या टंकलेखनाला. सरही सुट्टीत तिथली प्रुफं तपासायला जायचे. १९७६ साली पहिला खंड निघाला तेव्हा तो हातात घेऊन ते म्हणाले होते म्हणे, “जगातलं सगळं येईल यात, पण आपल्या भीमकुंड आळीतलं कोण येईल?” हे मी ऐकलेलं नाही, माझ्या वडिलांनी ऐकलंय. फळा बहुधा तेव्हापासूनचा.

नोंदीचा नियम एकच होता. स्तुती नाही. माणूस काय करायचा आणि कसं करायचा तेवढंच, आणि तेही फळ्यात मावेल इतकं. ‘मनमिळाऊ’, ‘परोपकारी’, ‘हसतमुख’ यांना फळाबंदी होती. सर म्हणायचे, “हसतमुख होते तर कशाला हसायचे ते लिहा ना.”

मी पाचवीत असताना फाटकाजवळ बोरं-चिंचा-आवळे विकणाऱ्या आजी गेल्या. पाटी पुढ्यात घेऊन बसायच्या त्याच. त्यांच्यावरची नोंद मला जवळजवळ पाठ आहे: “आजींचे माप पितळी वाटीचे. वाटी भरल्यावर वर दोन बोरे जास्त. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात उधारी चालू. उधारी कुठेही लिहून ठेवत नसत.” आणि खाली वेगळ्या ओळीत: “कुणाचे देणे राहिले असल्यास सुनेकडे पोचवावे. सून उद्या मधल्या सुट्टीत फाटकाशी येईल.” दुसऱ्या दिवशी फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत रांग. दहा पैसे, चार आणे, कुणी रुपया. सूनबाईंनी पदराचा ओचा केला होता. ज्यांनी आयुष्यात आजींकडून बोर घेतलं नव्हतं असे दोन शिक्षकही रांगेत होते, आणि सर लांबून बघत होते.

पण सांगायचं आहे ते खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवणाऱ्या काकांबद्दल. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. छापखान्यात कंपोझिटर होते. आम्ही नववीत असताना थंडीत ते अचानक गेले. सरांनी त्या वेळी स्वतः नोंद लिहिली नाही. आमच्या वर्गाला लिहायला सांगितली, प्रत्येकाने अर्धं पान. ती मुलगी अजून शाळेत यायला लागली नव्हती. आमच्यातल्या एकाने (आता नगरसेवक आहे, म्हणून नाव नको) सगळ्यांत आधी वही नेऊन दिली. सरांनी मोठ्याने वाचलं: “त्यांच्या निधनाने गावात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.” मग चष्मा काढून विचारलं, “कुठे झालीय? मधल्या आळीत की धर्मपुरीत? चल, जाऊन बघू. नगरपालिकेला कळवायला हवं.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “तुम्हाला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही. माहीत नसेल तर विचारून यायचं. तेरावा झाल्यावर जा. आधी गेलात तर बघा.”

आम्ही चौघं गेलो. जाताना काय विचारायचं हेच कळत नव्हतं. काकूंनी चहा केला, आणि आम्ही गप्प बसलोय हे बघून स्वतःच बोलायला लागल्या. शिशाचे खिळे उलटे असतात, ते उलटेच वाचावे लागतात. त्यामुळे काकांना एस.टी.त समोरच्या माणसाच्या हातातला पेपर उलट्या बाजूने सरळ वाचता यायचा. स्वारगेटपर्यंत त्यांनी कधी पेपर विकत घेतला नाही. घरी आल्यावर हात आधी रॉकेलने, मग साबणाने धुवायचे. तरी उजव्या अंगठ्याच्या घडीतली काळी रेघ जायची नाही, म्हणून पंगतीत डाव्या हाताने वाटी धरून अंगठा लपवायचे. आणि लग्नपत्रिका! घरी आलेल्या प्रत्येक पत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करायचे, आणि लग्नाला जाताना ती पत्रिका आहेराच्या पाकिटाबरोबर यजमानांच्या हातात द्यायचे. “निम्म्या गावाशी यांचं त्यावरून बिनसलेलं,” असं सांगताना काकू हसल्या, आणि हसताहसताच आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

आम्ही हे सगळं लिहिलं. सरांनी त्यातलं काटछाट करून सात ओळींत बसवलं, पण पत्रिकांचं ठेवलं. मुख्याध्यापक म्हणाले, “मृत माणसाबद्दल असं?” सर म्हणाले, “असंच.” ती मुलगी शाळेत आली त्या दिवशी फळ्यासमोर उभी राहून तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. घंटा झाली तरी घंटावाल्या मामांनी तिला हटकलं नाही.

त्याच वर्षी आणखी एक नोंद झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आपण सगळे विसर्जन करून दमून झोपलेलो, तसेच तेही. दुसऱ्या दिवशी सर फळ्यापुढे बराच वेळ खडू घेऊन उभे होते. शेवटी त्यांनी फक्त गावांची नावं लिहिली, एकाखाली एक: किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी. “माणसं आपल्याला ठाऊक नाहीत. गावं तरी लिहू,” एवढंच बोलले. कपडे आणि धान्य गोळा करायला आम्ही दारोदार फिरलो, तेव्हा लोक ‘कुठल्या गावाला पाठवणार’ विचारायचे आणि आम्हाला नावं सांगता यायची.

२७ मे १९९४ ला विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ गेले. शाळेला सुट्टी होती. गावात बातमी पसरली आणि आम्ही काही जण सवयीने शाळेपाशी गेलो, तर मामांकडून फाटक उघडून घेऊन सर लिहीत होते. “तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. जन्म २७ जानेवारी १९०१. पिंपळनेरचे. प्राज्ञपाठशाळेत शिकायला वाईला आले आणि राहिले.” संपलं. त्याच महिन्यात गेलेल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांवर आठ ओळी होत्या! साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार, पद्मविभूषण, विश्वकोश, यातलं काही नाही. आम्ही विचारलं. सर म्हणाले, “शास्त्रीजींवर उद्या सगळे पेपर लिहितील. कंपाउंडरवर कोण लिहिणार आहे?”

मला तेव्हा ते फार पटलं नव्हतं. आता पटतं, आणि ते माझ्या कामामुळे. सांगायला आनंद वाटतो की या वर्षी मी एका बँकेत सहायक महाव्यवस्थापक झाले. थोरली मुलगी आर्किटेक्ट झाली, धाकटी बारावीला आहे. माझ्याकडे बरीच वर्षं मृत खातेदारांच्या दाव्यांचं काम होतं. मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र, दोन साक्षीदार, आणि फाइल बंद. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसाला ती नंतरही मागता येते, पण मागायला वारसाला ठाऊक तर हवं. २०२३ मध्ये शोधायला पोर्टलही आलं, तरी खेड्यातली बाई पोर्टल कुठून उघडणार? माझ्या हाताखालच्या मुलांना मी एक सवय लावली. बाई फॉर्म घेऊन समोर बसली की आधी विचारायचं, “काय करायचे ते?” मग फॉर्म. वेळ जातो, वरिष्ठांनी त्यावरून मला बोलूनही दाखवलंय. पण बोलता बोलता दुसऱ्या बँकेतल्या ठेवीचं, विम्याच्या हप्त्याचं, सोसायटीच्या शेअरचं कितीदा निघालंय! दोन वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाने जुने दावे निकाली काढल्याबद्दल आमच्या विभागाचा सत्कार केला. भाषणात मी सरांचा फळा सांगितला. मुंबईतल्या लोकांना तो काही नीटसा कळला नाही.

सर गेले तेव्हा मला दुसऱ्या दिवशी पोचता आलं. चौकात फ्लेक्स लागला होता. सरांचा फोटो पासपोर्टएवढा, शोकाकुल मंडळींचे फोटो त्याहून मोठे, आणि खाली, देवा, ‘मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’. मी शाळेपाशी गेले. फळा नव्हता. रंगकामात काढला तो परत बसवलाच नाही, असं कळलं. आज तिथे प्रवेश सुरू असल्याची सरकणारी लाल अक्षरं आहेत. बदल व्हायचाच. जुना कृष्णा पूलही पाडून नवा झाला, घाटांवर सिनेमावाल्यांच्या गाड्या उभ्या असतात, वाडे गेले, फ्लॅट आले. त्याबद्दल रडायला मी बसलेली नाही. पण एक फळा कुणाला जड झाला होता? २०१५ साली पसरणीचे शाहीर साबळे गेले तेव्हाही मला वाटलं, सर असते तर दोन ओळींत भागवलं असतं, आणि शाहिरांच्या लहानपणी पसरणीत ढोलकी कोण वाजवायचं याचा शोध घेत घाटाच्या पायथ्याला गेले असते.

समितीला माझी विनंती. स्मरणिकेत संस्थाचालकांची, आमदारांची, गुणवंतांची पानं असतीलच. माझ्या लेखाच्या उरलेल्या जागेत या नोंदी घ्याव्यात. घरच्यांना फोनवर विचारून लिहिल्या आहेत.

घंटावाले मामा. घड्याळ वापरत नसत, पुण्याची एस.टी. स्टँडवरून सुटली की पहिला तास संपला असे धरत. गाडी उशिरा असली की गणिताचा तास लांबे. त्यांच्याकडे सर्व वर्गांच्या किल्ल्या एकाच सुतळीत होत्या व अंधारातही योग्य किल्ली हाताला लागे.

कृष्णामाईच्या उत्सवात आमटी वाढणारे तात्या, रामडोह आळीचे. सातही घाटांवर वाढायला जात, आळीचा भेद मानत नसत. पळी दरवेळी तळापर्यंत घालून ढवळत, शेवटच्या पंगतीला पाणीच उरू नये म्हणून. स्वतः जेवायला सगळ्यांत शेवटी बसत आणि आमटी खारट झाली असल्यास तेव्हाच सांगत.

कंपाउंडरकाका. गुलाबी औषधाच्या बाटलीवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवत. लहान मुलांसाठी पट्टीला कात्रीने कंगोरे कापत. डॉक्टर गावाला गेलेले असल्यास औषध देत, पैसे घेत नसत, आणि डॉक्टर आल्यावर त्यांना सांगत.

सर. मराठी व संस्कृत. सायकल होती. वर्गात छडी आणत, ती नकाशा दाखवायला. बोर्डाच्या परीक्षेत कुणाच्या पेनातली शाई संपली की स्वतःचे पेन देत, आणि पेपर सुटल्यावर फाटकाशी उभे राहून परत मागून घेत.