आधी पेशंट, मग कॅल्क्युलेटर

आज राउंडला एक रिपोर्ट हातात आला. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो घटक) १.०. नुसतं वाचलं तर किडनी ठीक वाटते. पण आजींचं वय ८०, वजन ४५ किलो. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये आकडे टाकले, तर क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला जेमतेम ३२ मिली! अँटिबायोटिकचा डोस तिथल्या तिथे बदलला. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं हे सूत्र १९७६ सालचं, कागदावरही मांडता येतं. पण रात्रपाळी संपत आलेली असताना, चार बेडवरून एकदम हाका येत असताना कागद-पेन्सिल घेऊन कोण बसणार? नर्स आणि ज्युनिअर डॉक्टरांच्या हाती ही सोय आली, याचा मला मनापासून आनंद आहे.

काळजी वाटते ती अशा टूल्समध्ये औषधांबद्दल येणाऱ्या इशाऱ्यांची. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढून रक्तस्राव होऊ शकतो, हा इशारा थांबून वाचायलाच हवा. पण बिनमहत्त्वाच्या सूचनाही तशाच लाल रंगात येत राहिल्या की बोट आपोआप 'ओके'वर जातं. हा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारू नका, टूल बनवणाऱ्यांनी छाटणी करायला हवी.

दुपारी इंटर्नना पल्मनरी एम्बॉलिझमचा (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी) वेल्स स्कोअर दाखवला; त्याच्या गुणांवरून हा आजार असण्याची शक्यता किती ते ठरवतात. त्यात 'दुसरं निदान याहून कमी संभवतं का?' या एकट्या प्रश्नाला ३ गुण आहेत. उत्तर मशीन देत नाही, तपासणाऱ्यानेच ठरवायचं असतं. म्हणून त्यांना सांगितलं, आधी पेशंटला हात लावा, छाती ऐका, पाय बघा, मग फोन काढा.