मे महिन्यातला पाऊस आणि द्राक्षबागेतला नत्र

द्राक्षबागेत अवेळी पाऊस झाला की बोलणं डाऊनी आणि करपा या बुरशीजन्य रोगांवर जातं. ते साहजिकच आहे, डाग पानावर दिसतात. पण खरड छाटणीनंतरच्या (एप्रिलमधली, नव्या काड्या वाढवण्यासाठीची छाटणी) पावसाने जमिनीतल्या नत्राची (नायट्रोजनची) जी उलथापालथ होते, ती दिसते थेट ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, घड मोजायला घेतल्यावर. तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून हे एप्रिलमध्येच समजून घ्यावं, असं मनापासून वाटतं.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खरड छाटणी झाली, तर काडीवरच्या डोळ्यात (कळीत) पुढच्या हंगामाचा घड ठरण्याचा काळ साधारण 40 ते 60 व्या दिवसांत, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत येतो. त्या दिवसांत वेलीला भरपूर ऊन, थोडा पाण्याचा ताण आणि बेताचा नत्र हवा असतो. नाशिककडच्या निफाड-दिंडोरीच्या मे महिन्यात हे तिन्ही आपोआप जुळायचं. 2025 साली पावसाने मे महिन्यातच ठाण मांडलं, मोसमी पाऊस तर 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला. ऐन घडनिर्मितीत आभाळ, ओल आणि नत्र तिन्ही एकदम आले.

युरिया टाकला नसताना हा नत्र येतो कुठून? उन्हाळ्यात मातीचा वरचा थर तापून कोरडाठाक होतो. त्यात असंख्य जिवाणू मरतात, आणि मातीच्या कणांत दडलेला सेंद्रिय भाग पुढच्या पाण्याने कण फुटले की उघडा पडतो. पाऊस पडताच उरलेले जिवाणू त्यावर तुटून पडतात. सेंद्रिय नत्राचा अमोनियम होतो, त्याचा नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट. एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या जमिनींवर हे मांडलं, म्हणून याला बर्च परिणाम म्हणतात. कोरडा काळ जितका लांब आणि जमिनीत सेंद्रिय माल जितका जास्त, तितका हा लोंढा मोठा. ठिबकच्या बागेत एक गोष्ट नीट बघा. ड्रिपरखालचा पट्टा कायम ओला असतो, तिथे असा लोंढा येत नाही. कोरडी असते ती बोदाची (वेलीच्या ओळीखालच्या मातीच्या उंच वरंब्याची) बाजू आणि दोन ओळींमधली जागा. एका जोरदार पावसाने ती सगळी ओली होते, आणि जो नत्र वेलीला आपण मापाने देत होतो तो चहूबाजूंनी मिळू लागतो.

मग शेंडा पळतो, पेरं लांबतात, बगलफुटी दाटतात आणि खालच्या डोळ्यांवर सावली पडते. वेलीत जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक वरचढ होतं, घड घडवणारं सायटोकायनिन मागे पडतं, आणि ज्या डोळ्यात घड व्हायचा तिथे बाळी (आधाराला गुंडाळणारा तणावा) तयार होते. डॉगरिज या खुंटावर (ज्याच्या मुळांवर द्राक्षाची कलम बांधतात) हे आणखी जोरात होतं, कारण तो खुंट मुळातच जोमाचा.

यावर करायचं ते पावसाआधी. पंचविसाव्या-तिसाव्या दिवसापासून नत्रयुक्त विद्राव्य खत बंद करा. सबकेन (शेंडा मारल्यावर बगलेतून वाढणारी उपकाडी) वेळेवर, सहा-सात पानांवर शेंडा मारून घ्या. बगलफुटी काढताना डोळ्यापर्यंत ऊन पोहोचतं का हे दुपारी मांडवाखाली उभं राहून पाहा. ताजं, न कुजलेलं शेणखत एप्रिलमध्ये बोदात घालू नका, ते ऑक्टोबरच्या छाटणीआधीचं काम आहे. बोदावर बगॅस (उसाची चिपाडं) किंवा पाचटाचं आच्छादन असेल तर वरचा थर एकदम वाळत नाही आणि पुढचा लोंढा सौम्य होतो. पंचेचाळिसाव्या दिवशी काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचे शंभरेक देठ घेऊन परीक्षण करा. पान तपासायचं नसतं, देठच. अहवाल हातात नसताना नत्र द्यायचा की नाही हे ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

पाऊस लागून राहिला तर गोष्ट उलटी फिरते. 100 मि.मी. पाऊस म्हणजे एकरी 4 लाख लिटर पाणी. काळ्या चिकणमातीतली हवेची छिद्रं पाण्याने भरली की ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश सरकतो आणि दोन-तीन दिवसांत संपतो. मग काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटच वापरतात आणि त्याचा वायू होऊन उडून जातो. त्यातला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमानवाढ करणारा आहे. उरलेला नायट्रेट निचऱ्याबरोबर खाली जातो, कारण ऋणभारित मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. ओलांड्यावर (वेलीच्या मांडवावरच्या आडव्या फांदीवर) पांढरट मुळ्या फुटलेल्या दिसल्या की समजा, हवेत ओल फार आहे आणि खाली मुळ्या बहुधा गुदमरल्या आहेत. बोदाच्या कडेला 30 सें.मी. खणा. सडक्या अंड्याचा वास, निळसर-करडे डाग, मुळी चिमटीत धरली की साल निसटणं, यातलं काहीही असेल तर खताचा ड्रम बाजूला ठेवा.

नेमकी इथेच सर्वांत मोठी चूक होते. पानं पिवळी दिसली की युरिया दिला जातो. आधी कोणतं पान पिवळं ते बघा. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. चुनखडीच्या जमिनीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून बायकार्बोनेट वाढतं आणि जमिनीत लोह असूनही वेलीला ते वापरता येत नाही. लिटरला 2 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल घेऊन संध्याकाळी फवारा. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (लोह धरून ठेवणारं संयुग) घ्या. ईडीटीए या दुसऱ्या चिलेटचं लोह सामू (पीएच) 6.5 च्या वर टिकत नाही, आणि आपल्याकडच्या काळ्या जमिनींचा सामू बहुतेक ठिकाणी त्याच्या बराच वर असतो. ओळींमधून उताराकडे बोदाच्या तळापेक्षा खोल चारी काढा. वापसा (जमीन पुरेशी सुकून कामाजोगी होणं) येईपर्यंत ट्रॅक्टर आत घालू नका, चाकाखाली दबलेली माती पुढच्या पावसात आणखी लवकर गुदमरते. नवी पांढरी मुळी दिसली की मगच ठिबकने थोडं थोडं खत सुरू करा.

खाली गेलेला नायट्रेट हरवत नाही, बराचसा विहिरीत येतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मि.ग्रॅ. आहे. विहिरीच्या पाण्यात इतकं नायट्रेट असेल तर त्यात नत्र भरतो साधारण 10 मि.ग्रॅ., म्हणजे हंगामात एकराला 10 लाख लिटर पाणी दिलं की 10 किलो नत्र पाण्यातूनच गेला. तो जवळजवळ 22 किलो युरियाएवढा होतो. पाणी परीक्षणाच्या अहवालात नायट्रेटचा रकाना मागून घ्या, आणि खताच्या वेळापत्रकातून तेवढा नत्र वजा करा.