वायपूच्या स्मशानभूमीत खापरपणजीचं माहेर शोधताना

ऑकलंडहून उत्तरेला निघालं की साधारण दोन तासांनी ब्रिंडरविनचा घाट उतरताना एकदम समोर समुद्र दिसतो, ब्रीम बे, आणि त्याच्या काठाला वायपू हे छोटंसं गाव. बरेच जण इथे बीचसाठी येतात. आम्ही मात्र थडगी बघायला गेलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि शेजारच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, मूळ स्कॉटिश घराणं, आडनाव मॅकेंझी. माझी मुलं त्यांना आजीच म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. गेल्या वर्षी मी सहज सांगितलं की आमच्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात, तर त्या आत गेल्या आणि एक जुनी वही घेऊन आल्या. त्यात त्यांची वंशावळ, सगळी पेन्सिलने, आणि एका जागी मोठं प्रश्नचिन्ह. खापरपणजीचं माहेर. तिचं पहिलं नाव माहीत, नवऱ्याचं माहीत, पण ती कुणाची मुलगी ते काही केल्या सापडत नव्हतं.

यात अडचण कुठे येते ते समजायला या लोकांचा प्रवास माहीत हवा. नॉर्मन मॅक्लाऊड नावाचा एक धर्मोपदेशक, जन्म १७८० चा, स्कॉटलंडच्या पार वायव्येला असिंट भागातला. तिथल्या चर्चशी त्याचं बिनसलं, आणि त्याच काळात हायलंड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, जमीनदार मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावून लावत होते, गावंच्या गावं रिकामी होत होती. १८१७ ला तो कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेला आणि मागोमाग त्याची माणसं. आधी पिक्टू, मग केप ब्रेटन बेटावर सेंट ॲन्स. तिथे तीसेक वर्षं काढली, घरं बांधली, मुलं झाली, आणि मग १८४८ च्या आसपास बटाट्यावर रोग पडला, उपासमार आली. तेवढ्यात मॅक्लाऊडच्या मुलाचं ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून पत्र आलं की इकडे या. आणि हे लोक निघाले! स्वतःच्या हातांनी जहाज बांधून. पहिलं मार्गारेट, १८५१ मध्ये सुटलं, तेव्हा मॅक्लाऊड एकाहत्तर वर्षांचा होता. ऑस्ट्रेलियात सोन्याची धामधूम, महागाई, मेलबर्नला टायफॉइडने त्याचे तीन मुलगे गेले. मग न्यूझीलंडच्या गव्हर्नर ग्रेला पत्र लिहिलं की आम्हाला एकत्र राहता येईल अशी जमीन द्या, आणि १८५३-५४ च्या सुमाराला हे लोक वायपूला आले. जमीन अर्थातच आधी माओरींची, म्हणजे इथल्या मूळ लोकांची, सरकारने त्यांच्याकडून घेऊन यांना दिलेली, हे विसरून चालत नाही. १८५१ पासूनच्या काही वर्षांत मार्गारेट, हायलँड लास, गर्ट्रूड, स्प्रे, ब्रेडलबेन, एलन लुईस अशा सहा जहाजांनी मिळून आठशेच्या वर माणसं नोव्हा स्कोशियाहून निघाली. गावात मधोमध ग्रॅनाइटचा उंच खांब आहे, वर सिंह, १९१४ चा, तो याच लोकांच्या आठवणीसाठी.

आता विचार करा, एका माणसाचा जन्म स्कॉटलंडला, लग्न कॅनडात, मरण न्यूझीलंडला. कागद शोधायचे कुठे? स्कॉटलंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८५५ ला, हे तर त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेले. चर्चच्या वह्या बघाव्या तर मॅक्लाऊड बाप्तिस्मा सहजासहजी देत नसे, त्याला ज्यांची वागणूक पटायची नाही त्यांच्या मुलांना तो नाहीच म्हणायचा, त्यामुळे तिथेही गाळलेल्या जागा. न्यूझीलंडच्या मृत्यूच्या दाखल्यात आईवडलांची नावं यायला लागली १८७६ पासून. आणि आजींची खापरपणजी गेली त्याच्या आधी. म्हणजे दगडाशिवाय दुसरा साक्षीदारच नाही.

स्मशानभूमीत पोचलो तेव्हा वारा जोरात होता, खाऱ्या पाण्याचा वास. रांगांमधून चालताना तीच ती नावं, मॅकेंझी, मॅकग्रेगर, मॅकलीन, मॅकमिलन, मॅके, परत मॅकेंझी. मॅक म्हणजे गेलिकमध्ये, त्यांच्या जुन्या भाषेत, मुलगा, अमक्याचा मुलगा. त्यात पहिली नावंही ठरलेली डोनाल्ड, जॉन, डंकन, त्यामुळे एकाच नावाची चार-चार माणसं, मग गावात ओळखायला काळा अमुक, तांबडा तमुक अशी टोपणनावं पडायची. मला हे इतकं ओळखीचं वाटलं ना, आमच्या गावात पाच दत्तू होते, प्रत्येकाला वेगळं नाव.

खापरपणजीचा दगड आजींना माहीत होता, त्या आधी दोनदा येऊन गेलेल्या. पांढरा संगमरवर, मुलांनी नंतर कधीतरी बसवलेला, वर तिचं नाव, अमक्याची प्रिय पत्नी, जन्म सेंट ॲन्स, नोव्हा स्कोशिया. बस. खालचा भाग गवतात आणि मातीत गेलेला.

मी गुडघे टेकून बसले आणि हाताने गवत बाजूला केलं. दगड घासायचा नाही, खडू लावायचा नाही, तारेचा ब्रश तर अजिबात नाही, हे आजींनी गाडीतच बजावलं होतं. नुसतं साधं पाणी आणि दाढीचा मऊ ब्रश. माती निघाली तशी खाली अजून एक ओळ असल्यासारखं वाटलं, पण अक्षरं नाहीत, नुसती बारीक बारीक भोकं. आधी मला कळेचना. मग आजी म्हणाल्या, "अगं, शिशाची अक्षरं होती ती, गळून पडलीत. अक्षर धरून ठेवायला दगडात भोकं पाडायचे, ती राहिलीत." मी मोबाईलचा टॉर्च आडवा धरला, अगदी दगडाला चिकटवून, तशी भोकांच्या आजूबाजूला अक्षरांची पुसट छाप दिसायला लागली. एकेक अक्षर बोटाने चाचपत मी मोठ्याने म्हणत गेले आणि आजी वहीत लिहीत गेल्या. मुलगी, मग एका पुरुषाचं नाव, मग मॅकलीन.

आजी काही बोलल्या नाहीत. वही चाळून त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. स्कॉटिश लोकांत जुनी रीत, पहिल्या मुलाला वडलांच्या वडलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडलांचं. आणि खापरपणजीच्या दुसऱ्या मुलाचं नाव तेच होतं जे मी आत्ता भोकांवरून वाचलं होतं! (घरचं नाव आहे म्हणून इथे लिहीत नाही.) म्हणजे इतकी वर्षं माहेरचं नाव त्यांच्या वहीतच होतं, फक्त ते नाव आलं कुठून हे माहीत नव्हतं. आमच्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण आईच्या वडलांची अशी ठरलेली पाळी मी कधी ऐकली नव्हती. बाईचं माहेर कागदावरून पुसलं गेलं तरी मुलाच्या हाकेत राहतंय, हे मला फार म्हणजे फारच आवडलं.

मग आम्ही गावातल्या म्युझियमला गेलो. तिथे या कुटुंबांच्या वंशावळी जपून ठेवल्यात, आणि मॅकलीनांची तर एकाहून जास्त घराणी निघाली. आता त्यातलं आपलं कुठलं, कुठल्या जहाजाने आलं, ते बघायचंय. आजींनी वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं नाही, पेन्सिलने शेजारी मॅकलीन लिहिलं आणि प्रश्नचिन्ह एक पिढी वर सरकवलं. परत येताना त्या म्हणाल्या की कुंपणाच्या बाजूची मॅकलीनांची रांग अजून बघितलीच नाही, आणि मला वाटेतच विचारलं, "पुढच्या शनिवारी जमेल का गं?"